आधी आजोबांना

चिंगीने ओठ काढले, तसा पहाडाने पुढे केलेला स्टेथोस्कोप मागे घेतला.

पहाड म्हणजे दारातून वाकूनच आत येणारा, सव्वासहा फुटी डॉक्टर. बालरोगतज्ज्ञ व्हायचं म्हणून तीन वर्षं मुलांच्या वॉर्डात राबला, पुस्तकं कोळून प्यायला आणि गेल्या खेपेला नेमका या प्रात्यक्षिक परीक्षेत आपटला. समोरचं पोर त्याला पाहून जे रडायला लागलं, ते शेवटपर्यंत थांबलंच नाही. त्या कालव्यात काही म्हणता काही ऐकू आलं नाही, आणि या बहाद्दराने दडपून सांगितलं, "हृदय नॉर्मल आहे, सर."

हृदयाला छिद्र होतं.

"जे ऐकलं नाही ते सांगायचं नाही," परीक्षक म्हणाले होते, "आणि जे ऐकलं ते गिळायचं नाही. पुढच्या वर्षी या."

या खेपेला त्याने मिशी काढली होती. बायको हसून हसून बेजार झाली. पण मुलांना घाबरायला तेवढंच एक निमित्त कमी. परीक्षक मात्र तेच होते. विद्यार्थी त्यांना मागून 'चाबूक सर' म्हणत. साठी उलटलेली, केसांना काळाकुळकुळीत कलप, हात मागे बांधलेले. शेजारच्या खुर्चीत दुसऱ्या परीक्षक बाई.

पहाड सरळ फरशीवर बसला. आता कुठे त्याचं तोंड खाटेवरच्या चिंगीसमोर आलं.

"आधी तुझ्या बाहुलीला तपासू?" मुलांच्या डॉक्टरांची ही ठेवणीतली युक्ती. बाहुलीच्या छातीला स्टेथोस्कोप लागला. चिंगीचे ओठ जागेवर आले.

"आता आईला," ती म्हणाली.

आईला तपासलं.

"आता तुझी पाळी?"

चिंगीने जोरात मान हलवली आणि चाबूक सरांकडे बोट केलं. "आधी आजोबांना."

बाईंना एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघावंसं वाटलं. सरांचा हात नकळत कलपाकडे गेला.

"डॉक्टर, वेळ चाललाय तुमचा."

"सर, ती रडली तर मला ऐकू येणार नाही. आणि न ऐकता मी आता काही सांगणार नाही."

सरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग खुर्ची ओढली, बसले आणि वरची दोन बटणं काढली. "आटपा."

पहाडाला नुसतं नाटक करायचं होतं. पण कानात नळ्या गेल्या की त्याला नाटक जमत नसे. तो ऐकत राहिला. ठोके पडत होते, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. दोन घाईत, एक मागे रेंगाळलेला, मग नुसतीच धावपळ.

"सर, जरा श्वास रोखून धरा."

सरांनी चक्क धरला. चिंगीने ते नीट पाहून घेतलं, स्वतःचा फ्रॉक वर केला आणि गाल फुगवून तयार बसली.

तिला त्याने पुढून, मागून, शांतपणे ऐकलं. मग उभा राहून म्हणाला, "छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला आवाज आहे, सर. हृदयाच्या पडद्याला लहानसं छिद्र असावं. धाप नाही, वजन वयाप्रमाणे आहे. आईने काळजी करण्यासारखं आत्ता काही नाही."

"बरोबर. या तुम्ही," सर म्हणाले आणि गुण लिहायला पेन उघडलं.

पहाड हलेना. त्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. गुण अजून कागदावर पडले नव्हते. मुकाट्याने दार गाठलं असतं, तर घरी जाऊन मिशी वाढवायला मोकळा झाला असता.

"सर, तुमचे ठोके तालात नाहीत."

"माझं हृदय परीक्षेला बसलेलं नाही."

"मी लहान मुलांचा डॉक्टर, सर. पण जे ऐकलं ते गिळता येत नाही. आजच ईसीजी काढून घ्या."

सरांनी पेन मिटलं.

"मी कधीची सांगतेय!" बाई उसळल्या. "जिना चढताना धाप लागते, तर म्हणतात, जिनाच उंच बांधलाय." आणि त्यांनी नर्सला तिथेच मशीन आणायला पिटाळलं.

दुसरी मोकळी खाट नव्हती. चाबूक सर बदकांच्या चादरीवर, चिंगीच्याच खाटेवर आडवे झाले, पाय कठड्याबाहेर. "तो कागद इकडे द्या," ते छताकडे बघत म्हणाले. पडल्या पडल्या त्यांनी 'उत्तीर्ण' लिहिलं आणि खाली सही ठोकली. अक्षर वाकडं आलं. पहाडाने डोळे पुसले आणि नाक ओढलं, ते सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं.

नर्सने छातीला गारेगार जेल लावलं, आणि चाबूक सरांनी ओठ काढले.

चिंगीने बाहुली त्यांच्या काखेत सरकवली. "आधी हिला लावा," ती नर्सला म्हणाली.