ओट्याची उंची

सावेडीतल्या बंगल्याचं स्वयंपाकघर मॉड्युलर करायला काढलं होतं. ट्रॉल्या ठरल्या, चिमणी ठरली, राहिली ती फक्त ओट्याची उंची. मिस्त्रीनं टेप उलगडली आणि तो सुकन्येला म्हणाला, "वहिनी, हात कोपरात वाकवून ताठ उभ्या ऱ्हावा. रांधणारीच्या कोपराखाली एक वीत, तिथं ओटा."

पंधरा वर्षं रोज पहाटे सगळ्यांचे डबे करून मगच कॉलेजात शिकवायला जाणारी सुकन्या जागची हलली नाही. तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "माप यांचं घ्या."

गोरक्ष हसला. "अगं, मी साधा चहा तरी केलाय का कधी?"

"कसा करणार? ओटा तुमच्या मापाचा नव्हता ना. आता होईल. या, उभे राहा इथं."

तेवढ्यात सासूबाई दारात येऊन थांबल्या. तिसगावच्या मनकर्णाबाई, आधी चुलीपुढं आणि मग ओट्यापुढं पन्नास वर्षं काढलेली बाई. आता बोलणी बसणार म्हणून सुकन्येनं उत्तर तयार ठेवलं.

सासूबाईंनी सहा फुटी लेकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ह्यो लई उंच हाय. याच्या मापाच्या वट्यावर माजा हात पुरंल व्हय?"

"नाही पुरणार, आई," सुकन्या ठामपणे म्हणाली.

सासूबाई मिस्त्रीकडं वळल्या. "तरी अजून दोन इंच चढव, बाबा. चुकून पुरला तर पंचाईत व्हायची."