कुणी नेलं?

चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाची भाषा तपासायला कॅनडातल्या रेजायना शहरातल्या एका प्रकाशकानं क्री या मूळनिवासी जमातीच्या डेल्फीनबाईंना बोलावलं. जुन्या सक्तीच्या निवासी शाळांच्या धड्यात वाक्य होतं, ‘मूळनिवासी मुलांना घरापासून दूर नेण्यात आलं.’

“यात कर्ताच नाही. कुणी नेलं?” बाईंनी विचारलं.

“अहो, लहान मुलं वाचणार हे!” संपादक म्हणाले.

“नेली तीही लहानच होती. माझी आई सहा वर्षांची होती. सरकारनं नेलं, पोलिसांनी ओढून नेलं, असं लिहा.”

“बघतो.”

पुस्तक छापून आलं. वाक्य जसंच्या तसं होतं. अख्ख्या धड्यात नावानिशी कर्ता एकच सापडला, अगदी तळाशी: ‘या धड्याची भाषा डेल्फीन मोस्टूस यांनी तपासली आहे.’