मागची खोली

महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. सोनाळ्याचा कादर पिंजारी कापूस पिंजता पिंजता मधेच थांबायचा आणि स्वतःशी हसायचा. त्याला मेलेली पहिली बायको, शबाना, आठवायची. दुसरी बायको अमीना हे रोज पाहायची. शबानाला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, तरी तिच्या जिवाची आग व्हायची.

शेवटी ती वरवट बकालच्या म्हाताऱ्या हकीमाकडे गेली.

"डोक्यात तीन खोल्या असतात, बेटी," हकीम म्हणाला. "समोर खयाल, मधात अक्कल, मागं याद. मागची खोली रिकामी करता येते. पण लेप तुलेच चोळा लागन."

रोज दुपारी ती कादरच्या डोक्याच्या मागच्या बाजूला तो काळा लेप चोळू लागली. आठव्या दिवशी तिनं विचारलं, "शबानाची याद येते काय जी?"

"कोण शबाना?" कादर म्हणाला.

अमीनानं त्या दिवशी शेवया केल्या.

दुसऱ्या सकाळी पीठ मळताना तिला एक विहीर आठवली. ती विहीर तिनं जन्मात पाहिली नव्हती. काठावर हिरव्या ओढणीतली बाई पाठमोरी पाणी शेंदत होती. तिला पाहून अमीनाच्या छातीत इतकी माया दाटली, की डोळे भरून आले.

"काऊन रडून राह्यली?" कादरनं विचारलं.

आठवणीतल्या बाईनं हातातला दोर सोडला, हळूच मागं वळून पाहिलं आणि विचारलं, "अमीना, तू इथं काऊन आली?"