ओंडक्यावरची बुरशी

सापाच्या काचपेटीतल्या ओंडक्यावर पांढरी बुरशी दिसली, तसा गुरुसिद्ध जुन्या सवयीने ब्रश आणि व्हिनेगर घेऊन आला. "ओंडका उकळून घ्यायचा राहिला बघ. घासून टाकतो, नाहीतर साप आजारी पडेल."

महानंदाने त्याचा हात धरला. "अहो, वेड लागलंय का? सापाला दुसऱ्या पेटीत ठेवा."

पिकांवरच्या त्या मोठ्या फवारणीनंतर जगात बुरशी उरलीच नव्हती. पाचोळा कुजत नव्हता, माणसंही कुजत नव्हती. महानंदाच्या अप्पांना काही वर्षांपूर्वी लिंगायत रीतीने बसवून पुरलं होतं. परवा माती खचली, तेव्हा ते कपाळावरच्या भस्मासकट तसेच बसलेले दिसले.

तिने ओंडका ओल्या फडक्यात गुंडाळला, दफनभूमी गाठली आणि तो अप्पांच्या मांडीजवळ पुरला.

"सुटलात, अप्पा," ती म्हणाली. "आता सावकाश माती व्हा."