पिवळ्या पट्ट्यांचा साप

"उंदीर चावला," उर्वशीनं डॉक्टरांना सांगितलं. बोटावर दोन बारीक टिपके होते. दुखत नव्हतं. डॉक्टर धनुर्वाताचं इंजेक्शन लिहू लागले.

तिचा नवरा रवी मागे उभा होता. नेर गावात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याला सापांचं वेड होतं. पलंगाखालच्या डब्याचं झाकण सकाळी त्याला तिरपं दिसलं होतं. साप आतच होता, म्हणून त्यानं ते दाबून बसवलं. अंदमानातल्या एकाच बेटावर हा साप सापडतो, असं सांगून एका माणसानं तो त्याला विकला होता. घरात मिळाला तर थेट जेल, असंही बजावलं होतं. डब्यात दुकानाचं सामान आहे, असं त्यानं उर्वशीला सांगितलं होतं.

ती बाहेर येऊन बाकावर बसली. पापण्या आपोआप मिटू लागल्या. तिनं त्या बोटानं वर ओढल्या, तरी मिटल्याच.

"जीभ जड होऊन राह्यली," ती कशीबशी बोलली.

रवी धावत आत गेला. "डॉक्टर, उंदीर नाही, साप हाय! मीच घरात ठेवला होता. एकाच बेटावर भेटते तो."

डॉक्टर थबकले. "मग आपली सापाच्या विषावरची लस त्याच्यावर चालेल की नाही, सांगता येत नाही."

तरीही त्यांनी लस सुरू केली. वनखात्याला कळवलं, साप पकडणाऱ्या बेबीताईंना रवीच्या घरी पाठवलं. उर्वशीचा श्वास तुटायला लागला. तिला मशीन लावलं.

तासाभरानं बेबीताई साप घेऊन आल्या. त्याचं तोंड नळीत अडकवून त्यांनी शेपटीवर स्पिरिटचा बोळा घासला. बोळा पिवळा झाला. खालून पांढरे पट्टे निघाले.

"कायचं बेट! रंगवला हाय याले. आपल्या वावरातला मण्यार हाय. हेच औषध चालते, डॉक्टर."

रवी उर्वशीच्या खाटेकडे धावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उर्वशीचं मशीन काढलं. दाराशी वनरक्षक रवीची वाट पाहत होता. रवीनं तिचा हात धरला.

"मी खोटं बोललो तुले. डब्यात साप होता."

"मले माहीत होतं," ती हळू म्हणाली. "त्या माणसाचं अन् तुमचं बोलणं मी ऐकलं होतं. पाह्याले झाकण सरकवलं, अन् चावला. साप चावला म्हटलं असतं, त तुम्हाले घेऊन गेले असते."