बारा नंबर

"नाव लिहू नकोस, आकडा लिही. नावामागोमाग नवरा येतो, सासू येते, अख्खी आळी येते. आकड्यामागे कुणी येत नाही."

बाईंचं हे सांगणं तिने तीस वर्षं नेमासारखं पाळलं. बाई म्हणजे तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक. विषय होता बायकांनी अंगावर काढलेली दुखणी. चाळीस बायका, चाळीस आकडे. त्या प्रबंधाचं पुस्तक झालं. पुस्तकाने तिला विभागप्रमुख केलं, मग अधिष्ठाता, मग प्र-कुलगुरू. आज तीन वाजता कुलगुरूपदासाठी निवड समितीपुढे जायचं होतं.

सकाळपासून सह्या करून बोटं आखडली होती. पाय सुजले म्हणून टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या. पद मिळालं तर आणखी पाच वर्षं हेच, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचा आनंद होईना.

पीए आत आली. "मॅडम, परीक्षा विभागाला बायकांच्या दवाखान्याची खोली हवीय. उत्तरपत्रिका ठेवायला. म्हणतात, तिथे तसंही कुणी तपासून घ्यायला येत नाही."

"चला, उत्तरपत्रिका तरी तपासल्या जातील."

पीए हसली.

"तू कधी गेलीस तिथे?"

"मी? मला कुठे वेळ मिळतो, मॅडम."

तिने पुढच्या कागदावर सही केली. वेळ तिला तरी कुठे मिळाला होता?

तेवढ्यात आईचा फोन आला.

"आज त्या मोठ्या खुर्चीचं आहे ना गं?"

"हो. मिळाली तर पुढच्या महिन्यात समारंभ. या वेळी तरी येशील?"

"बघू. तीन-तीन तास खुर्चीवर कोण बसतंय? तुझी खुर्ची तुला लखलाभ, मला माझा पलंग बरा."

"दर वेळी हेच म्हणतेस."

"दर वेळी तूही तेच विचारतेस की. ते जाऊ दे. ड्रायव्हरकाकांना म्हणावं, भाजीची पिशवी दारात टेकवून पळू नका, ओट्यापर्यंत आणून ठेवा."

पदवीदानाला आई आली नव्हती. पुस्तकाच्या प्रकाशनालाही नाही. पूर्वी ती आईवर रुसायची. आता रुसायचाही कंटाळा आला होता.

फोन ठेवल्यावर तिचं लक्ष कोपऱ्यातल्या लिफाफ्याकडे गेलं. बाई गेल्याला महिना झाला होता. त्यांच्या भाच्याने तो सकाळी फाटकावर आणून दिला होता. आत काय असेल ते तिला ठाऊक होतं. आकड्यांसमोर नावं आणि पत्ते असलेली यादी. ती बाईंनी कायम कुलपात ठेवली होती.

आपल्या आळीतल्या बायकांना आपण प्रश्न विचारायचे नाहीत, हा बाईंचा दुसरा नियम. ओळखीच्या माणसाला बायका खरं सांगत नाहीत. म्हणून तिच्या आळीतल्या दहाजणींशी बाई स्वतः बोलल्या होत्या. तिला मिळाले ते फक्त आकडे आणि त्यांचं बोलणं.

प्रत्येकीच्या कागदावर मात्र संशोधक म्हणून तिचीच सही होती आणि वर एक ओळ छापलेली होती : 'लिहून झालं की तुमचं तुम्हाला वाचून दाखवू.' एकोणचाळीस जणींना दिलेला तो शब्द पाळला गेला. बारा नंबर तेवढी राहिली.

"ती नको म्हणते," बाई म्हणाल्या होत्या. "हो म्हणाली की सांगेन. सही तुझी आहे, तेव्हा जायचं तूच."

आणि सगळा प्रबंध उभा होता तो बारा नंबरवर. तिचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येत होतं. नऊ वर्षं तिने ते नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. 'घरातलं एकदा मार्गी लागू दे, मग माझं बघू,' असं ती म्हणाली होती. प्र-कुलगुरूबाईंचं प्रत्येक भाषण याच वाक्यावर संपायचं, आणि सभागृह दर वेळी हळहळायचं. आज समितीपुढेही ते वाक्य सांगायचं होतं.

तिने लिफाफा फोडला. यादीला एक चिठ्ठी टाचलेली होती. अक्षर थरथरतं, पण बाईंचंच.

'बारा नंबर हो म्हणाली. डॉक्टरला अजून दाखवलेलं नाही. तू जा.'

तिचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि बारावर थांबलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. बोट तिथेच होतं.

मग तिने चपला पायात सरकवल्या. कपाटातून प्रबंधाची जुनी प्रत काढली आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"आज पाचपर्यंत थांबाल का? एका बाईंना घेऊन येते."

"थांबते की. केसपेपरवर नाव काय घालू?"

"त्या आल्या की त्यांनाच विचारा."

दारात पीए समितीची फाईल घेऊन उभी होती. "मॅडम, अडीच वाजले."

"परीक्षा विभागाला कळव, खोली मिळणार नाही."

"आणि समितीला?"

"म्हणावं, घरातलं काम निघालं."

"मॅडम, असं सांगितलं तर ते म्हणतील, शेवटी बाईमाणूसच."

"म्हणू देत."

गाडीत बसल्यावर तिने मांडीवर यादी उघडली. सवयीप्रमाणे बारासमोरचं नाव तळव्याने झाकलं आणि ड्रायव्हरकाकांना फक्त पत्ता वाचून दाखवला.

काकांनी आरशातून मागे पाहिलं. "हे काय, मॅडम? आईंकडे भाजी पोचवायला दर आठवड्याला मीच तर जातो. मला पत्ता कशाला वाचून दाखवताय?"