शेवंताची शेवटची आठवण

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा, एका आठवणीची गोष्ट सांगतो.

एकामागून एक बायकांचे खून करणाऱ्याच्या मागावर पोलिसांतले बेलसरे होते. खुन्याचं मन ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. या वेळी मात्र हाती फक्त नुकत्याच बळी गेलेल्या शेवंताची शेवटची आठवण होती. गेलेल्या माणसाची आठवण यंत्रातून एकदाच पाहता येते, मग ती कायमची विझते. शेवंताच्या आईनं, सरूबाईंनी, ती स्वतः न पाहता बेलसऱ्यांना दिली होती.

सरूबाईंसमोरच बेलसऱ्यांनी डोक्यावरचं यंत्र उतरवलं.

"साहेब, दिसलं का त्या मेल्याचं तोंड?"

"नाही, मावशी. पोरीनं डोळे घट्ट मिटले होते. मनात भूपाळी ऐकत होती."

"कुठली हो?"

ऐकली तशीच त्यांनी गुणगुणून दाखवली. एका ओळीला सूर घसरला.

"तिथं मीच चुकते रोज," सरूबाई म्हणाल्या. "ती हसायची मला." आणि त्यांनी पदरात तोंड लपवलं.

खुनी मोकळाच होता. पुढची कोण, हे बेलसऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्यापाशी उरली होती ती एक भूपाळी.

तेव्हा बाबांनो, उद्या पहाटे देवाला जागवाल, त्या वेळी शेवंतालाही आठवा.